वाचकांचे प्रश्न : लिहिलंय एक, वाचलं दुसरंच

या महिन्यातली पत्रं वाचताना लक्षात आलं की विषय वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं दुखणं एकच आहे. कुणाला मेसेजचा अर्थ लागत नाहीये, कुणाला आकड्यांचा, कुणाला माणसांचा. म्हणून त्यातलीच पाच पत्रं घेतलीत. उत्तरं देताना मी सगळीकडे एकच गोष्ट धरून चाललेय ती आधीच सांगते. कुठलंही वाक्य, कुठलाही आकडा हे कुणीतरी कुणालातरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न काय होता हे कळल्याशिवाय उत्तराचा अर्थ लावायला बसू नये. हे माझं डोकं नाही, कॉलिंगवुड नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३९ मध्ये हे फार नेटकं मांडून ठेवलंय.

प्रश्न : ताई, आई आजारी आहे. कुणी कधी आईजवळ राहायचं, खर्च कसा वाटायचा, यावर मी मोठ्या बहिणीला एक लांबलचक मेसेज पाठवला. तिचं उत्तर आलं, "ठीक आहे." बस, एवढंच, आणि पुढे पूर्णविराम. ती कधीच पूर्णविराम देत नाही. तेव्हापासून मी तोच मेसेज काढून काढून बघतेय. ती चिडलीये का? विचारलं तर म्हणेल तू नसते अर्थ काढतेस. (नाव छापू नका)

पूर्णविराम बघून तुमच्या पोटात गोळा आला ना, त्यात नसतं काही नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाचा २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात १२६ विद्यार्थ्यांना मेसेजमधली एकेका शब्दाची उत्तरं दाखवली, काहींपुढे पूर्णविराम होता, काहींपुढे नव्हता, आणि पूर्णविरामवाली उत्तरं मुलांना कमी मनापासून दिलेली वाटली. तीच उत्तरं कागदावर हाताने लिहिलेली दाखवली तेव्हा मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे टिंब तेच, पण मेसेजमध्ये ते नसण्याची आपल्याला इतकी सवय झालीये की असलं की खुपतं.

पण हे झालं सर्वसाधारण वाचकाचं. तुमच्या ताईंनी ते का दिलं हे त्या अभ्यासातून कळणार नाही. कीबोर्डने आपोआप टाकलेला असू शकतो, हॉस्पिटलच्या रांगेत उभ्या राहून एका हाताने टाइप केलेलं असू शकतं, आणि हो, चिडलेल्याही असू शकतात.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात एक छोटंसं वाक्य घेतलंय, "गतोऽस्तमर्कः", सूर्य मावळला. आणि मग तो दाखवत जातो की हेच वाक्य ऐकून एकाला कळतं शत्रूवर चालून जायची वेळ झाली, एकीला कळतं प्रियकराला भेटायला निघावं, दुसरीला कळतं अजून तो आलाच नाही, काम करणाऱ्याला कळतं आता हात थांबवा, गुरं राखणाऱ्याला कळतं गाई आत घ्या, कुणाला कळतं विकायला मांडलेला माल आवरा, कुणाला नुसतंच कळतं की उन्हाचा ताप संपला. वाक्यात यातलं काहीच नाही, आणि तरी प्रत्येकाचा अर्थ बरोबर आहे, कारण कोण बोलतंय, कुणाला बोलतंय आणि आत्ता त्यांच्यात काय चाललंय यावरून तो ठरतो. मला वाटतं मेसेज कसे वाचावेत यावर याहून चांगलं फार थोडं लिहिलं गेलंय.

तेव्हा ताईंच्या मेसेजकडे बघणं थांबवा आणि आधी स्वतःचा मेसेज उघडा. त्यात किती गोष्टी होत्या? राहण्याचं, पैशाचं, आणि मला दाट शंका आहे की मधे कुठेतरी एखादी तक्रारही होती. मग "ठीक आहे" हे यातल्या कशाचं उत्तर? तुम्हालाही माहीत नाही, त्यांनाही बहुधा नसेल. चार प्रश्न एकत्र विचारले की एकच उत्तर येतं आणि ते चारही प्रश्नांना अपुरं पडतं.

"चिडलीस का" असं विचारू नका, त्यावर कुणीही "नाही" च म्हणतं. फोन करा आणि एकच गोष्ट विचारा, "पहिला आठवडा तू राहतेस ना, मग मी पुढच्याची रजा टाकते." फोनच करा हं. क्रुगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की ईमेलमधून आपला सूर समोरच्याला कळेल अशी लिहिणाऱ्यांना चांगलीच खात्री असते, आणि प्रत्यक्षात वाचणारे टोमणा आणि सरळ बोलणं यातला फरक ओळखण्यात नाणं उडवून सांगावं त्याच्या जेमतेम पुढे असतात. लिहिताना आपला आवाज आपल्याच कानात असतो, तो मेसेजबरोबर जात नाही.

प्रश्न : मी गेली काही वर्षं एक गोळी रोज घेते. परवा बातमी वाचली की त्या प्रकारच्या गोळ्यांनी एका आजाराचा धोका दुप्पट होतो. झोप उडालीये. बंद करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बंद करू नका, हे पहिलं.

दुसरं, दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हे बातमीत कुठे आहे का बघा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सरकारी समितीकडून इशारा गेला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट आहे. आकडा खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण ७००० बायकांमागे एकीला गुठळी व्हायची, नव्या घेणाऱ्यांमध्ये ७००० मागे दोघींना. पण बातमीत "दुप्पट" गेलं आणि "७००० मागे एक जास्त" राहून गेलं. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या, नको असलेल्या गर्भधारणा झाल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले असं मानलं जातं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. म्हणजे ज्याला घाबरून गोळी सोडली त्याच्याच जास्त जवळ गेल्या बिचाऱ्या.

"दुप्पट" हे "आधीच्या तुलनेत किती" याचं उत्तर आहे. तुमचा प्रश्न वेगळा आहे, "माझ्यासारख्या हजार जणींपैकी किती जणींना होतं, आणि गोळी सोडली तर काय होतं". डॉक्टरांना नेमकं हेच, याच शब्दांत विचारा, आणि उत्तर टक्क्यांत दिलं तर माणसांच्या संख्येत मागा.

प्रश्न : मी एम.ए. ला आहे, सोशिऑलॉजी. डेझर्टेशनसाठी नोकरी गेलेल्या लोकांचे इंटरव्ह्यू घेतले. ट्रान्सक्रिप्ट तयार आहेत, गाईड म्हणतात आता कोडिंग कर (म्हणजे ओळी-ओळींना नावं दे), थीम्स काढ. पण मी बसलो की मला सगळीकडे तेच दिसतं जे मला आधीपासून वाटत होतं, की या लोकांना लाज वाटते. मग हे मला सापडलं की मीच त्यात घातलं? रूममेट म्हणतो क्वालिटेटिव्ह म्हणजे शेवटी आपलं मतच, जरा सजवून लिहायचं.

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न न पडता डेझर्टेशन सबमिट करणारेच जास्त असतात. जरा लांब उत्तर देते.

तू पत्राबरोबर एक उतारा पाठवला होतास (तो माणूस ओळखू येणार नाही एवढाच इथे देते), "घरी सांगितलं नव्हतं. रोज त्याच वेळेला बॅग घेऊन निघायचो." आणि समासात तू लिहिलंयस, लाज. आता तेवढा शब्द हाताने झाक आणि परत वाच. त्या दोन वाक्यांत लाज कुठे आहे? न सांगणं आहे, त्याच वेळेला निघणं आहे, बॅग आहे. लाज असेलही. पण घरी कुणी आजारी असेल आणि त्यांना ताण नको म्हणून सांगितलं नसेल. आठवडाभरात दुसरी नोकरी मिळेल असं वाटलं असेल, म्हणजे ती आशा झाली. किंवा दिवसभर घरात बसणं सहन होत नसेल. म्हणून पहिल्या फेरीत कोड देताना तो माणूस काय करतोय तेवढंच लिही, "घरी न सांगणं", "नेहमीची वेळ पाळणं". लाज, आशा, काळजी हे सगळं दुसऱ्या फेरीत, आणि ते लिहिताना ट्रान्सक्रिप्टमधली कुठली ओळ तुला तिकडे नेते ती शेजारी लिहायची. ओळ सापडली नाही तर कोड काढून टाकायचा, कितीही आवडला असला तरी.

मग दुसरी गोष्ट. त्या उताऱ्याच्या वर तुझा प्रश्न आहे, "घरी सांगायला अवघड वाटलं असेल ना?" अरे, अर्धं उत्तर तूच देऊन ठेवलंस. हाच माणूस "नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत" असं विचारल्यावर काय बोलला असता? तेव्हा ट्रान्सक्रिप्टमधून स्वतःचे प्रश्न उडवू नकोस, बरेच जण जागा वाचवायला उडवतात, आणि जिथे प्रश्नातच भावना होती तिथलं उत्तर आणि जिथे माणूस आपणहून बोलला ते उत्तर वेगळ्या रंगाने मार्क कर. लाज फक्त पहिल्या रंगात दिसली तर ती तुझी आहे. दुसऱ्या रंगातही दिसली तर तुला काहीतरी सापडलंय.

मानववंशशास्त्रज्ञ गिअर्ट्झ तुला सिलॅबसमध्ये असेलच, १९७३ चं ते गाजलेलं लिखाण, पण त्यातलं डोळा मारण्याचं उदाहरण मुळात गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाचं आहे. दोन मुलं, दोघांची उजवी पापणी झटकन मिटते. एकाची आपोआप फडफडली, दुसऱ्याने मुद्दाम कुणाला तरी खूण केली. तिसरा दुसऱ्याची नक्कल करतो. आणि तो तिसरा घरी आरशासमोर नकलेची प्रॅक्टिस करत असेल तर ते आणखी वेगळं. कॅमेऱ्यात चारही वेळा सारखंच येईल. तुझ्या रूममेटला हे सांग, की "पापणी मिटली" एवढंच लिहिलं तर ते खरं असूनही त्यात काहीच सांगितलेलं नाही, आणि "खूण केली" म्हणायचं तर कुणाला, कशासाठी, समोरच्याला कळली का, हे सगळं दाखवावं लागतं, आणि ते दाखवलेलं दुसरा माणूस खोडून काढू शकतो. मत आणि अर्थ लावणं यात हाच फरक आहे. मताशी भांडता येत नाही, ते ज्याचं त्याचं असतं, पण लावलेल्या अर्थाशी ओळ-ओळ घेऊन भांडता आलं पाहिजे.

आधीपासून वाटत होतं म्हणून घाबरू नकोस. गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाने १९६० मध्ये हेच लिहिलंय की पूर्वग्रहाशिवाय कुणी वाचायला सुरुवातच करू शकत नाही. पण तो पूर्वग्रह पणाला लावायची तयारी हवी, म्हणजे मजकूर त्याला नाही म्हणाला तर ते आपल्याला ऐकू यायला हवं.

आणि ऐकायचं कसं, याची एक जुनी आणि अगदी वापरण्याजोगी पद्धत आपल्याकडे आहे. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या शास्त्रकारांनी, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या खुणा सांगितल्यात, उपक्रम-उपसंहार (सुरुवात आणि शेवट), अभ्यास, अपूर्वता (नवेपण), फल (परिणाम), अर्थवाद (भर द्यायला केलेली स्तुती वगैरे), उपपत्ति (युक्तिवाद). टिळकांनी गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात या दिल्यात. शास्त्रग्रंथांसाठी आहेत हे खरं, पण ट्रान्सक्रिप्टला लावून बघ. माणसाने बोलायला सुरुवात कुठून केली आणि शेवट कुठे केला? न विचारता कुठली गोष्ट परत परत काढली? (इथे अभ्यास म्हणजे हेच, पुन्हा पुन्हा येणं.) तुला आधी अजिबात माहीत नव्हतं असं काय सांगितलं? कुठला भाग नुसता भर द्यायला किंवा तुला बरं वाटावं म्हणून बोलला? मला विचारशील तर अपूर्वता सगळ्यात महत्त्वाची, कारण तुझ्या "लाज" या थीमवर खरा इलाज तोच आहे. प्रत्येक इंटरव्ह्यूमधली तुला चकित करणारी एक ओळ काढ. एकही निघाली नाही तर तू नुसतं कन्फर्म करायला गेला होतास.

शेवटचं, ज्याला लाज वाटली नाही असा एक तरी माणूस तुझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये असणारच. तो बाजूला ठेवू नकोस, उलट त्याच्यापासून चॅप्टर सुरू कर. त्याला का वाटली नाही हे सांगता आलं की बाकीच्यांना का वाटली तेही नीट सांगता येईल.

प्रश्न : मी एचआरमध्ये आहे. आमच्या वार्षिक सर्व्हेत समाधानाचा स्कोअर पाचपैकी चारच्या वर येतो, मॅनेजमेंट खूश आहे. आणि लोक मात्र सोडून चाललेत. सर्व्हे खोटा की लोक खोटे?

कुणीच खोटं नाही. सर्व्हे कुणी भरला ते बघा.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी साधारण १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नेहमी सांगतात की यादीच चुकीची होती, टेलिफोन आणि गाड्या असलेल्यांची, म्हणजे पैसेवाल्यांची, आणि ते खरंच आहे. पण १९८८ मध्ये पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने त्या वेळचा जुना डेटा काढून दाखवलं की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर पाठवलं असतं तर त्याच यादीतूनही रूझवेल्टच पुढे दिसला असता. यादीइतकाच दगा न आलेल्या उत्तरांनी दिला, कारण उत्तर पाठवायची तळमळ ज्यांना होती ते लँडनकडचे जास्त होते.

तुमच्याकडे किती टक्के लोकांनी सर्व्हे भरला? आणि जे सोडून गेले त्यांनी आदल्या वर्षी भरला होता का? नावं न उघडता हे विभागवार कळू शकतं. माझा अंदाज, ज्याचं मन उडालंय त्याने लिंक उघडलेलीच नसते, आणि जो निघून गेला तो तर या वर्षीच्या सरासरीत नाहीच, त्यामुळे नाराज माणूस गेला की स्कोअर उलट सुधारतो. हे मॅनेजमेंटला याच शब्दांत सांगा.

आणि सरासरी फोडा. १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि बायकांपैकी ३५ टक्क्यांना, दिसायला उघड भेदभाव. विभागवार बघितलं तर तो जवळपास नाहीसा झाला, कारण बायकांचे अर्ज जास्त करून अशा विभागांना होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं. (मग बायका तिकडेच का अर्ज करत होत्या हा प्रश्न उरतोच, आणि तो त्या टेबलमधून सुटत नाही.) तुमच्या चारमध्ये कदाचित एक टीम पावणेपाचवर असेल आणि एक अडीचवर.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एका भांडणाचा व्हिडिओ फिरतोय. दोन गट झालेत आणि दोघेही म्हणतात "व्हिडिओच बघा ना". मी बघितला, मला काहीच ठरवता येईना. मग शेवटी सत्य असं काही नसतंच का, ज्याला जे बघायचंय ते तो बघतो?

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, फार धसमुसळी. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मॅचची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या टीमचे जितके नियमभंग दिसले ते डार्टमथच्या मुलांना दिसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते. १९५४ मध्ये हे छापून आलं. फिल्म एकच, आणि मुलं खोटंही बोलत नव्हती.

पण यावरून "सत्य नसतंच" म्हणणं मला साफ नामंजूर आहे. नाक मोडलं होतं, पाय मोडला होता, त्यावर दोन्ही कॉलेजांचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते मुद्दाम केलं का, आधी कुणी सुरू केलं, आणि हे खेळात चालायचंच की नाही यावर. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं द्यायची रीतही वेगळी. आधी कुणी सुरू केलं हे पूर्ण फिल्म असेल तर कळू शकतं. मुद्दाम केलं का, हे त्या माणसाचं आधीचं वागणं, त्याचं बोलणं यावरून बऱ्यापैकी लावता येतं. चालायचंच की नाही, हे फिल्म कधीच सांगणार नाही, त्यावर माणसांनी आपसात बोलूनच ठरवावं लागतं. तुमच्या ग्रुपवर हे तिन्ही एकाच दमात चाललंय, म्हणून कुणाचंच कुणाला पटत नाहीये.

आणि लोकांनी लावलेला अर्थ चुकीचा असला तरी त्याचे परिणाम खरे असतात, याकडे दुर्लक्ष करू नका. विल्यम आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये हे मांडलं, की माणसं एखादी परिस्थिती खरी मानून चालली की तिचे परिणाम खरेच होतात. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेत जॉनी कार्सन या लोकप्रिय विनोदी निवेदकाने टीव्हीवर टॉयलेट पेपरच्या टंचाईवर एक विनोद केला, टंचाई नव्हती, पण लोक दुकानांवर तुटून पडले आणि कपाटं खरोखर रिकामी झाली. रिकामं कपाट बघून मग न घाबरणाऱ्यांनीही साठा केला. तुमच्या ग्रुपवर दोनपैकी एका गटाने "ते लोक असेच" हे एकदा धरून चालायचं ठरवलं तर पुढच्या वेळी ते लोक तसेच वागायला लागतील, आणि तोवर हा व्हिडिओ कुणाला आठवणारही नाही.

तेव्हा ग्रुपवर मत न देता तीन गोष्टी विचारा. हा व्हिडिओ किती मिनिटांचा होता आणि आपल्यापर्यंत किती आला? पहिल्या सेकंदाच्या आधी काय झालं हे प्रत्यक्ष बघणारं कुणी आहे का? आणि ज्याने तो पहिल्यांदा टाकला त्याने सोबत काय लिहिलं होतं? शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतात, पण तो विचाराच, कारण ती ओळ वाचूनच आपण सगळ्यांनी व्हिडिओ बघायला सुरुवात केलेली असते.